मवाळ म्हणून ओळखले जाणारे नेते खरंच मवाळ असतात का?

थोडे असतात. बाकीच्यांचा नुसता आवाज मवाळ असतो आणि आपण त्यालाच मत समजून बसतो.

'मवाळ प्रतिमा' म्हटल्यावर आपल्याकडे पहिलं नाव वाजपेयींचं येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ५ डिसेंबर १९९२, बाबरी पडण्याचा आदला दिवस. लखनौच्या सभेत ते बोलतायत. न्यायालयाने भजन-कीर्तनाला मनाई केलेली नाही, पण भजन एकट्याने होत नाही, तिथे टोकदार दगड वर आलेत, त्यांवर कोणी बसणार कसं, जमीन सपाट करावी लागेल, असा त्या बोलण्याचा आशय. चित्रफीत आजही सापडते. तो सुप्रसिद्ध विराम, मिश्कील चेहरा, आणि समोर हसणारी गर्दी. ती एकदा नुसती ऐका, मग तेच शब्द कागदावर उतरवून वाचा. मी करून पाहिलं आहे. ऐकताना विनोद वाटतो, वाचताना वाटत नाही. दुसऱ्या दिवशी जे झालं त्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला, हेही नोंदवायला हवं.

पण याच माणसाने फेब्रुवारी १९९९ मध्ये बसने लाहोर गाठलं आणि पाकिस्तानच्या मागणीच्या ठरावाचं स्मारक असलेल्या मिनार-ए-पाकिस्तानलाही भेट दिली. स्वतःच्या संघपरिवारातल्या अनेकांना हे रुचणार नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? ते मला खरं मवाळपण वाटतं. गुजरातमधल्या दंगलींनंतर, ४ एप्रिल २००२ ला अहमदाबादेत मुख्यमंत्री नरेंद्र मोदींना शेजारी बसवून त्यांनी 'राजधर्म' पाळा म्हटलं, आणि लागलीच मुख्यमंत्री तेच करत आहेत असा विश्वासही जोडला. आठच दिवसांनी गोव्यात पक्षाच्या बैठकीच्या वेळी केलेल्या भाषणाचा सूर पार वेगळा, कठोर होता. लोकांना 'राजधर्म' तेवढा पाठ आहे.

बरं, ही पदवी मिळते कशी? बहुतेक वेळा 'दगडापेक्षा वीट मऊ' या न्यायाने. वाजपेयी मवाळ दिसत, कारण शेजारी रथयात्रेचे अडवाणी होते. मग जून २००५ मध्ये अडवाणी कराचीला जिनांच्या कबरीवर गेले, जिनांबद्दल चार चांगले शब्द बोलले आणि त्यावरून पक्षात वादळ उठून त्यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. पुढे तर त्यांचीही गणना मवाळांत होऊ लागली. अडवाणी किती बदलले ठाऊक नाही, शेजारी मात्र बदलले होते.

दुसरी गोष्ट, मवाळ कशाबाबत? हा शब्दच आपल्याकडे गोखल्यांमुळे रुळला आणि टिळक जहाल ठरले. पण १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला, म्हणजे शरीरसंबंधांसाठी मुलीच्या संमतीच्या वयाची अट १० वरून १२ वर नेण्याला, टिळकांचा विरोध होता. उलट 'मवाळ' गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सरकारला ते झेपलं नाही. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. आणि १९१६ ला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातली लखनौ कराराची तडजोड घडवण्यात कोण पुढे होतं? जहाल टिळक! इंग्रज सरकारशी कसं वागायचं एवढ्या एकाच मुद्द्यावर लागलेली लेबलं आपण सगळ्या माणसाला चिकटवली.

तिसरं कारण जरा गमतीचं आहे, ते म्हणजे पत्रकार. अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅकेन २००० साली रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रचार करत होते तेव्हा बसमध्ये पत्रकारांना तासन् तास शेजारी बसवून हवं ते विचारू देत. असा नेता कुठल्या बातमीदाराला आवडणार नाही? पक्षापेक्षा वेगळा, मोकळ्या मनाचा माणूस ही त्यांची ख्याती तिथे पक्की झाली. सिनेटमधली त्यांची मतं मात्र बव्हंशी पक्क्या रिपब्लिकनाचीच राहिली.

मग त्यांना ती ख्याती फुकटच मिळाली का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण ऑक्टोबर २००८ मधली मिनेसोटातली एक सभा. अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर, मतचाचण्यांत ते मागे. एक बाई ध्वनिक्षेपक हातात घेऊन म्हणाली, ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन मान हलवत पुढे झाले, तिच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला आणि म्हणाले, नाही, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, माझे त्यांच्याशी मूलभूत मुद्द्यांवर मतभेद आहेत एवढंच. त्याच सभेत, ओबामा अध्यक्ष झाले तर घाबरायचं कारण नाही असं म्हटल्यावर लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. ते लोक विरोधक नव्हते. मॅकेन यांनाच मत द्यायला निघालेली माणसं होती ती.