कॉर्व्हेटचं इंजिन मागे गेलं, मग ती कॉर्व्हेट राहिली का?

तुम्ही विचारलंय की शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या आठव्या पिढीत, म्हणजे सी-८ मध्ये, इंजिन बॉनेटखालून उचलून सीटच्या मागे नेलं, मॅन्युअल गिअरबॉक्सही काढून टाकला, मग हिला कॉर्व्हेट का म्हणायचं. माझ्या मते शंभर टक्के म्हणायचं. उलट आठही पिढ्या ओळीने बघितल्या तर ही गाडी पहिल्यापासून तिकडेच चालली होती असं दिसतं.

आधी मॅन्युअलचं बघू. १९५३ ला फक्त ३०० कॉर्व्हेट बनल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, बॉडी फायबरग्लासची, आणि त्यातल्या एकीलाही मॅन्युअल नव्हता! दोन गिअरचा ऑटोमॅटिक आणि सहा सिलिंडरचं १५० हॉर्सपॉवरचं इंजिन, बास. देखणी होती पण पळायला बेताची, त्यामुळे खपेना. १९५५ ला जेमतेम ७०० बनल्या आणि त्याच वर्षी फोर्डची थंडरबर्ड १६ हजारांच्या वर खपली, म्हणजे शेव्हरोले हिला गुंडाळणारच अशी वेळ आली होती. वाचली ती १९५५ ला आलेल्या व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनामुळे आणि इंजिनियर झोरा आर्कस-डंटॉव्हमुळे.

हा माणूस ब्रसेल्समध्ये जन्मलेला, आईवडील रशियन. १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मोटोरामा प्रदर्शनात त्याने कॉर्व्हेट बघितली आणि इतका भारावला की कंपनीला पत्र लिहून तिथे नोकरी मिळवली. त्याच डिसेंबरमध्ये त्याने साहेब लोकांना एक टिपण लिहिलं, की गाड्या पळवणारी तरुण पोरं फोर्डच्या मागे आहेत, त्यांना आपल्याकडे आणायचं तर काय करावं लागेल. पुढे १९७५ ला रिटायर होईपर्यंत त्याचा जीव या गाडीत. आणि इंजिन ड्रायव्हरच्या मागे हवं हा हट्ट त्याचाच! १९६० ला त्याने तसली एक प्रायोगिक गाडी बनवली, १९६४ ला दुसरी, १९७० ला तर शोमध्ये मांडलीसुद्धा, पण वरून परवानगी कधी मिळाली नाही कारण पुढे इंजिन असलेली गाडी चांगली खपत होती.

म्हणून मग वजन थोडं थोडं करून मागे सरकत गेलं. १९६३ ची सी-२ स्टिंग रे आली तेव्हा इंजिन आणि माणसं दोन्ही थोडी मागे सरकवली, मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. (मागची काच मधोमध दुभागलेली ती हीच, फक्त १९६३ चीच, डंटॉव्हला ती आवडत नव्हती कारण मागचं नीट दिसायचं नाही.) १९९७ च्या सी-५ मध्ये गिअरबॉक्स उचलून मागच्या चाकांपाशी नेला. आता राहिलं होतं इंजिनच, ते सी-८ ने नेलं.

मधला सी-३ चा काळ वाईट गेला असं सगळे सांगतात. १९७५ ला साध्या मॉडेलची ताकद १६५ हॉर्सपॉवरवर आली हे खरं, पण प्रदूषणाचे नियम कडक झालेच होते आणि १९७२ पासून ताकद मोजायची पद्धतही बदलली होती, त्यामुळे जुन्या आकड्यांशी सरळ तुलना करू नका. आणि गंमत म्हणजे त्याच सी-३ ने १९७९ ला ५३,८०७ गाड्यांचा विक्रम केला! लोकांना तो आकार आवडायचा, मलाही आवडतो.

सी-४ वेळेत तयार झाली नाही म्हणून १९८३ चं मॉडेल बाजारात आलंच नाही. चाचणीसाठी ४३ बनवल्या होत्या, त्यातली एकच उरली, ती केंटकीत बोलिंग ग्रीनच्या म्युझियममध्ये आहे. मी तिथे गेलो होतो तेव्हा तिच्यापुढून हलवेना. डंटॉव्ह १९९६ ला गेला, त्याच्या अस्थी तिथेच ठेवल्यात. त्याच्या हट्टाची सी-८ लोकांसमोर आली ती २०१९ ला.

आणि आत बघाल तर सी-८ आली तेव्हाही साध्या मॉडेलचं ६.२ लिटरचं इंजिन १९५५ च्याच पद्धतीचं होतं, व्हॉल्व्ह उघडणारा एकच कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि तिथून वर व्हॉल्व्हपर्यंत जाणाऱ्या दांड्या, म्हणजे पुशरॉड. डिकीत सामान मावतं, छप्पर काढून ठेवता येतं, सुरुवातीची किंमत ६० हजार डॉलरच्या आत ठेवली होती, हे सगळं जुन्या कॉर्व्हेटचंच आहे की.

मला हळहळ वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. १९६३ पासून सी-७ पर्यंत प्रत्येक कॉर्व्हेटला मागे स्प्रिंगचं काम करणारा एक आडवा पाटा होता, ट्रकला असतात त्याच जातीचा, फक्त आडवा बसवलेला. लोक त्याला जुनाट म्हणून नावं ठेवायचे, पण १९८१ पासून तो लोखंडाऐवजी फायबरचा व्हायला लागला आणि वजनाला एकदम हलका झाला, काम चोख करायचा. सी-८ मध्ये चारी चाकांना कॉइल स्प्रिंग आल्या आणि पाटा गेला. इंजिन कुठे गेलं यावर एवढी भांडणं होतात, पाट्याबद्दल कोणीच विचारत नाही.