"वडील गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते, मॅडम"

ताई आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. वय ५४, बीपीची गोळी चालू, फॅमिली डॉक्टर म्हणाले रिपोर्ट सगळे ठीक आहेत, एकदा समुपदेशकाकडे जाऊन या. पहाटे साडेपाचला दचकून जाग येते, मग झोप नाही, जेवण जात नाही, एवढंच सांगत होत्या. मुलगा बेंगळुरूला नोकरीला, मिस्टर रिटायर, घरात ८१ वर्षांच्या सासूबाई. भांडणं, पैशाचं टेन्शन, मुलाच्या लग्नाची काळजी, सगळं विचारून झालं, प्रत्येकाला "तसं काही नाही हो". चाळीसेक मिनिटांनी पर्स घेऊन उठल्या आणि दारापाशी थांबून म्हणाल्या, "हसणार नाही ना मॅडम? आमची मांजर गेली. सव्वा महिना झाला."

मी त्यांना परत बसवलं. (त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

माझ्याकडे असे लोक बरेच येतात. येतात ते ॲसिडिटी, डोकेदुखी, चिडचिड असं काहीतरी घेऊन, आणि खरं दुःख अगदी शेवटी, दाराशी, हळूच. कारण आपल्याकडे मांजराचं सुतक नसतं ना. कोणी भेटायला येत नाही, ऑफिसात सुट्टी मागायची सोय नाही. ताईंच्या शेजारणीने तर चौथ्याच दिवशी विचारलं, मग आता दुसरं पिल्लू आणणार का, आमच्या बहिणीकडे तीन झालीत. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ताई त्या दिवसापासून बोलायच्याच बंद झाल्या.

मांजरीचं नाव ठकी. मुलगा पाचवीत असताना भर पावसात शाळेच्या दप्तरातून घेऊन आला होता, सासूबाईंनी चांगला दंगा केला, तरी ती राहिली ती १५ वर्षं. मुलाची दहावी, बारावी, इंजिनिअरिंगच्या रात्री, सगळ्यात ती टेबलावर पुस्तकावर बसलेली. मुलगा बेंगळुरूला गेल्यावर ताईंची झाली. गळ्यात घुंगरू, पहाटे साडेपाचला पडवीतून आत यायची आणि ताईंच्या खाटेशी उभी राहून हाका मारायची, दूध दिल्याशिवाय सोडायची नाही. ताईंना जाग साडेपाचला का येते हे मला तेव्हा कळलं.

ठकीची किडनी गेली होती. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार खूप दिसतो. ताईंच्या मनात एकच गोष्ट रुतलेली, "मॅडम, ती बाथरूमच्या बादलीतलं पाणी प्यायला लागली होती, सारखी सारखी, मला वाटलं उन्हाळा आहे. महिनाभर मी नुसती बघत राहिले." हे सांगताना बोटाने हवेत बादलीची कड दाखवली, तिथे पुढचे दोन पाय ठेवून ती कशी वाकायची ते, आणि मग रडू फुटलं. मी मध्ये बोलले नाही. वीस मिनिटं तरी रडल्या असतील.

नंतर एवढंच म्हटलं की हे ज्या डॉक्टरांनी ठकीला तपासलं त्यांनाच जाऊन विचारा, मनात नका ठेवू. त्या गेल्या. डॉक्टरांनी नीट समजावलं की मांजर दुखणं लपवते, आणि रक्तातलं क्रिएटिनीन (किडनीने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसतं तोपर्यंत किडनीचं जवळजवळ पाऊण काम थांबलेलं असतं. महिनाभर आधी आणली असती तर थोडे दिवस वाढले असते कदाचित, ती बरी झाली नसती. मला वाटतं अपराधीपणाला नुसतं "तुमची चूक नाही हो" म्हणून काही होत नाही, आधी खरं काय झालं ते माहीत असलेल्या माणसाकडून ऐकावं लागतं.

दुसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या ते वाक्य वर शीर्षकात दिलंय. त्यापुढे, "मी वाईट मुलगी आहे का?"

मी विचारलं, वडील गेले तेव्हा घरात काय काय झालं ते सांगा. मग सगळं आलं. शेजाऱ्यांनी पिठलंभात आणून दिला, दहावं, बारावं, तेरावं, कावळा शिवायची वाट बघणं, आत्या येऊन गळ्यात पडली, तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं. आणि ठकी गेली तेव्हा? मिस्टरांनी परसात पारिजातकाखाली खड्डा केला, ताईंनी जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवलं, हातपाय धुतले, आणि दहा वाजता सासूबाईंना पेज द्यायची होती म्हणून गॅसपाशी उभ्या राहिल्या. बस. वडिलांचं दुःख तेरा दिवस पन्नास माणसांनी उचललं होतं, हे एकटीने उचललंय, मग जड होणार नाही तर काय. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये याच विषयावर लिहिलंय, समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मान्यताच देत नाही ते दुःख माणसाला चोरून करावं लागतं. आणि मान्यता देणारे समाजही होतेच की. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय, इजिप्तमध्ये घरातलं मांजर गेलं की घरातली सगळी माणसं भुवया भादरायची. हे ऐकून ताई पहिल्यांदा हसल्या, म्हणाल्या आमच्या ह्यांच्या भुवया बघायला हव्यात तशा!

मग हळूच, "घुंगरू ऐकू येतं मला. पहाटे. वेड लागतंय का?"

नाही. १९७१ मध्ये वेल्समधल्या डॉ. रीस यांनी जोडीदार गेलेल्या सुमारे तीनशे लोकांशी बोलून पाहिलं, जवळजवळ निम्म्यांना गेलेलं माणूस आसपास असल्याचा भास कधी ना कधी झालेला, काहींना आवाज, काहींना नुसतं जवळ असल्यासारखं, आणि बहुतेकांनी ते कुणाला सांगितलेलंच नव्हतं. १५ वर्षं कान ज्या आवाजावर उठले ते सव्वा महिन्यात कसे विसरतील? हो, खाणंपिणं पूर्णच सुटलं, रोजची कामं होईनात, जगूच नये असं वाटायला लागलं, तर मात्र थांबायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू. ताईंचं तसं नव्हतं, मी नीट विचारून घेतलं होतं.

मी त्यांना ठकीची वाटी उचलून ठेवायला सांगितलं नाही, फोटो डिलीट करायला तर नाहीच. मुलाशी बोला म्हटलं. त्या म्हणे त्याला त्रास नको म्हणून "गेली रे" एवढंच सांगून विषय बदलत होत्या, आणि तो आईला त्रास नको म्हणून तिकडे पीजीच्या गच्चीवर एकटा रडत होता. दोघंही एकमेकांना जपत होते महिनाभर! गणपतीला तो आला तेव्हा संध्याकाळी सगळे मागच्या पायरीवर बसले, पारिजातकासमोर, ठकीच्या गोष्टी काढत. सासूबाई गप्पच होत्या, मग एकदम म्हणाल्या, "बांगड्याचं डोकं मीच घालायचे तिला दुपारी, तू झोपलेली असायचीस. पायाशी निजायची माझ्या. आता पाय गार पडतात." १५ वर्षं जिने मांजरीला नावं ठेवली ती बाई. ताई सांगताना म्हणाल्या, मी उठून त्यांच्या पायांवर शाल घातली आणि आम्ही दोघी रडलो, लग्नाला तीस वर्षं झाली, अशा कधी रडलो नव्हतो.

पिल्लाबद्दल मला विचारलं, आणू का. मी म्हटलं घाई नको, ठकीच्या जागी म्हणून तर अजिबात नको, ते पिल्लू बिचारं वेगळं असणार आणि तुम्ही रोज तुलना करणार. अजून आणलेलं नाही.

परवा फोन आला होता. झोपेचं विचारलं तर म्हणाल्या, लागते आता. "पण मॅडम, सोमवारी परत वाजलं हो घुंगरू. सवयीने तोंडातून निघालं, आले गं. मग उठलेच होते तर चहा टाकला, सासूबाईंना पण दिला."