कपॅसिटर जोडताना ठिणगी उडाली, आता काय?

प्रश्न : जुन्या बोलेरोत ॲम्प्लिफायर आणि वूफर बसवला. बास वाजला की हेडलाइट मंद होतात, म्हणून दुकानदारानं १ फॅरडचा कपॅसिटर दिला. पॉझिटिव्ह वायर टेकवताच मोठी ठिणगी उडाली आणि फ्यूज गेला. कपॅसिटर खराब निघाला का?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, कपॅसिटर (वीज साठवून गरजेच्या क्षणी झटकन देणारा डबा) बहुधा चांगलाच आहे. रिकामा कपॅसिटर बॅटरीला थेट जोडला की पहिल्या क्षणी तो शॉर्टसारखाच करंट ओढतो. फ्यूजनं आपलं काम केलं.

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून आमच्या पुसदकडची पोरं बिनधास्त हात घालतात. पण अंगठी किंवा कडं दोन टोकांमध्ये आलं तर लाल होईस्तोवर तापतं. मला त्याहून धाक आहे तो बॅटरीजवळच्या ठिणगीचा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेटला तर बॅटरी फुटते आणि ॲसिड थेट डोळ्यांत जातं. म्हणून कृपा करून असं करा.

गाडी बंद, म्युझिक बंद, अंगठी-कडं खिशात. बॅटरीजवळचा मेन फ्यूज काढून ठेवा. कपॅसिटरचं मायनस बॉडीला जोडा, तिथला रंग पत्रा दिसेपर्यंत घासून. मग प्लस वायर कसा. प्लस-मायनस दोनदा पाहा. उलटं जोडलं तर कपॅसिटर तापून फुटू शकतो. आता इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावा आणि त्या फ्यूज होल्डरच्या दोन टोकांना टेकवा. बल्ब लख्ख पेटेल, मंद होत जाईल आणि थोड्याच सेकंदांत विझेल. विझला म्हणजे कपॅसिटर भरला. मल्टिमीटरनं बॅटरी आणि कपॅसिटर दोन्ही मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असला की बल्ब जोडलेला असतानाच फ्यूज बसवा, मग बल्ब काढा. बल्ब विझतच नसेल तर फ्यूज लावू नका, कुठंतरी शॉर्ट आहे किंवा ॲम्प्लिफायर चालू राहिला आहे.

कपॅसिटरच्या डब्यात ३० ओहमचा रेझिस्टर आला असेल तर तोही चालतो, पण अडीचेक मिनिटं लागतात आणि सुरुवातीला तो चांगलाच तापतो. उघड्या बोटांनी धरू नका. मला बल्बच आवडतो, काम झाल्याचं डोळ्यांना दिसतं.

बॅटरी बदलली किंवा बरेच दिवस सोडवून ठेवली, तर हे सगळं पुन्हा करावं लागेल. कपॅसिटर काढताना आधी फ्यूज काढा, मग तोच बल्ब त्याच्या प्लस-मायनसला लावून रिकामा करा. पेचकस आडवा टाकून शॉर्ट करणारे पाहिले की माझा जीव वरखाली होतो.

कपॅसिटर मागच्या काचेखाली उन्हात ठेवू नका. आपल्याकडचा मे महिना त्याचं आयुष्य खातो, सीटखाली बसवा.

आणि एवढं करूनही दिवे मंद होत असतील तर दुसरा कपॅसिटर घेण्यात पैसे घालू नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.४ च्या आसपास मिळत नसेल तर आधी बेल्ट, अर्थची वायर आणि अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तपासून घ्या.