वाचकांचे प्रश्न : गुप्तचर खात्याला तेलाचा भाव आधी कळतो का?

या वेळी बरीचशी पत्रं एकाच विषयावर आलीयत, युद्ध, गुप्त अहवाल आणि पेट्रोल. त्यातले चार प्रश्न घेतलेत, बाकीच्यांची उत्तरं यातच येतील असं वाटतं.

टीव्हीवर सारखं सांगतात की अमेरिकेच्या अध्यक्षांना रोज सकाळी गुप्त अहवाल मिळतो. त्यात कुठे युद्ध होणार, तेल किती महागणार हे लिहिलेलं असेल तर जगाला दरवेळी एवढा धक्का का बसतो? – एक वाचक, सांगली

असा अहवाल खरंच असतो. जून १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडींसाठी सुरू झाला, तेव्हा तो कोटाच्या खिशात मावेल असा लहानसा होता, कारण बाकीचे गठ्ठे वाचायला त्यांना वेळ नव्हता. पुढे जॉन्सन यांच्या काळात, डिसेंबर १९६४ पासून, त्याला 'प्रेसिडेंट्स डेली ब्रीफ' हे नाव मिळालं. केनेडी ते फोर्ड या काळातले अहवाल आता खुले झालेत, मधेमधे ओळी खोडलेल्या आहेत पण वाचता येतात. त्यात कोण कुठे सैन्य हलवतंय, कोण कुणाला भेटलं, कुणाची खुर्ची डळमळतेय असा मजकूर असतो. आता जरा १९७३ चं बघा.

६ ऑक्टोबर १९७३ ला इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला. त्याच दिवशीच्या अमेरिकन अहवालात म्हटलं होतं की तणाव वाढलाय, पण कुठलीही बाजू युद्ध सुरू करायच्या तयारीत दिसत नाही. सैन्याची हालचाल दिसत नव्हती असं नाही, सगळी दिसत होती, पण इजिप्त सारखा युद्धसराव करायचा आणि दरवेळी सैन्य परत जायचं, म्हणून याही वेळी सरावच असेल असं सगळ्यांनी धरून चाललं. तेलाची गोष्ट तर मला जास्त लागते, कारण त्यात गुप्त असं काहीच नव्हतं. सौदी अरेबियाचे राजे फैजल त्या उन्हाळ्यात उघड मुलाखती देऊन सांगत होते की अमेरिका इस्रायलच्या बाजूने अशीच राहिली तर आम्हाला तेलाचा विचार करावा लागेल. तेल कंपन्यांच्या लोकांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. वॉशिंग्टनमध्ये त्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १७ ऑक्टोबरला अरब देशांनी उत्पादन कापायचं ठरवलं, मग अमेरिकेला तेल बंद, आणि ३ डॉलरच्या आसपास असलेला बॅरलचा भाव जानेवारी १९७४ ला ११.६५ डॉलर झाला. माहिती होती, तीही फुकट, पेपरात छापलेली.

इराणचंही तसंच. ऑगस्ट १९७८ मध्ये सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेचं मत होतं की इराणमध्ये क्रांती नाही आणि क्रांतीच्या आधीची म्हणावी अशी परिस्थितीही नाही. जानेवारी १९७९ ला इराणचे राजे, म्हणजे शहा, देश सोडून गेले. अमेरिकन अधिकारी शहांच्या विरोधकांना फारसे भेटतच नसत, शहा नाराज होतील म्हणून, आणि आतली बातमी बरीचशी शहांच्याच गुप्त पोलिसांकडून घ्यायचे. मग दुसरं काय कळणार? त्यानंतर वर्षभरात तेल कुठल्या कुठे गेलं, १९८० पर्यंत चाळीस डॉलरच्या घरात.

आणि थेट तेलावरच लिहिलेला अहवाल म्हणाल तर १९७७ चा. सीआयएने म्हटलं होतं की सोव्हिएत रशियाचं तेल उत्पादन फार तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शिखर गाठेल आणि १९८५ पर्यंत दिवसाला ८० लाख ते १ कोटी बॅरलवर उतरेल, मग रशियाच बाहेरून तेल विकत घेईल. अध्यक्ष कार्टर यांनी तो जाहीरपणे पुढे केला, त्यांचं ऊर्जा धोरण त्याच सुमारास आलं. १९८५ उजाडलं तेव्हा रशिया दिवसाला जवळपास १ कोटी २० लाख बॅरल काढत होता. विहिरींत पाणी शिरतंय, जुनी क्षेत्रं दमलीयत हे अहवालात बरोबर होतं. पण मॉस्को त्यावर किती पैसा आणि किती माणसं ओतेल हे त्या आकड्यांत कुठून येणार?

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की समोरच्याकडे किती रणगाडे आहेत आणि ते कुठे उभे आहेत हे गुप्तचर खातं चांगलं सांगतं, तो ते चालवेल का हे सांगताना अडखळतं, आणि तेलाचा भाव तर त्याच्याही पुढची गोष्ट आहे, कारण तो युद्धाबरोबरच बाकीचे देश, व्यापारी, साठे आणि लोकांची भीती या सगळ्यावर ठरतो.

माझे मिस्टर १९९० साली कुवेतला नोकरीला होते. इराक हल्ला करणार हे मोठ्या देशांना आधी माहीत होतं का? होतं तर आमच्या माणसांना कुणी का सांगितलं नाही? – एक वाचक, रत्नागिरी

ताई, काही जणांना माहीत होतं, हे स्पष्टच सांगतो. सीआयएमध्ये तेव्हा चार्ल्स अॅलन नावाचे अधिकारी होते, त्यांचं कामच मुळी युद्धाचा इशारा देणं हे होतं. भांडण तेलाचंच होतं. इराणबरोबरच्या आठ वर्षांच्या युद्धाने इराक कर्जात बुडालेला, आणि कुवेत ठरल्यापेक्षा जास्त तेल काढून भाव पाडतोय असा सद्दामचा आरोप, १७ जुलैच्या भाषणात त्याने उघड धमकीच दिली. सॅटेलाइटच्या फोटोंत रिपब्लिकन गार्डच्या, म्हणजे सद्दामच्या खास सैन्याच्या, तुकड्या सीमेकडे सरकताना दिसत होत्या. २५ जुलैला अॅलन यांनी लेखी कळवलं की युद्धाची शक्यता ६० टक्के आहे. १ ऑगस्टला त्यांनी पुन्हा लिहिलं, या वेळी थेट हल्ल्याचा इशारा. २ ऑगस्टच्या पहाटे इराकी रणगाडे कुवेतमध्ये होते.

मग कुणी ऐकलं का नाही? कारण इजिप्तचे मुबारक आणि जॉर्डनचे राजे हुसेन, दोघंही अध्यक्ष बुश यांना सांगत होते की हा दबाव आहे, पैसे आणि चढा भाव मिळाला की सद्दाम थांबेल. कुवेतच्या राज्यकर्त्यांनाही तसंच वाटत होतं, जेद्दाला बोलणी चालू होती. एका बाजूला शेजारचे राजे आणि अध्यक्ष, जे सद्दामला जवळून ओळखतात, आणि दुसऱ्या बाजूला ऑफिसात बसलेला एक अधिकारी आणि त्याचे फोटो. बुश यांनी त्या राज्यकर्त्यांचं ऐकलं. मला यात अॅलन यांचा दोष दिसत नाही, त्या माणसाने आकडा लिहून दिला आणि सहीनिशी दिला, ६० टक्के म्हटल्यावर ते गंभीरपणे घ्यायचं काम वरच्यांचं होतं.

तुमच्या मिस्टरांसारख्या लोकांपर्यंत इशारा पोचण्याची सोयच नव्हती, आणि याचा मला आजही राग येतो. असे कागद ज्यांच्यासाठी लिहिले जातात त्यांच्या यादीत तिथे राबणारा कामगार कुठेच नसतो. पुढचं तुम्ही भोगलंयत, बगदादमार्गे बसने अम्मानपर्यंत, आणि तिथून एअर इंडियाची विमानं, अशी १ लाख ७० हजारांवर भारतीय माणसं घरी आली.

तेलाचं म्हणाल तर जुलैत १७-१८ डॉलरवर असलेलं तेल ऑक्टोबरमध्ये चाळीसच्या वर गेलं, आणि आपल्याकडे आधीच डॉलर संपत आले होते, त्यात ही भर. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला मुंबईहून सुमारे ४७ टन सोनं विमानाने लंडनला पाठवून कर्ज घ्यावं लागलं. पण १७ जानेवारी १९९१ चा दिवसही लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेने बॉम्बहल्ले सुरू केले, युद्ध पेटलं, आणि तेल महागण्याऐवजी त्याच एका दिवसात ३२ डॉलरवरून २१ च्या आसपास आपटलं. कारण सौदीच्या तेलक्षेत्रांना धक्का लागणार नाही हे दिसलं, आणि ७३ च्या फजितीनंतर श्रीमंत देशांनी जे साठे करून ठेवले होते ते बाजारात आणायचं जाहीर झालं. तोवर इराक-कुवेतचं गेलेलं तेलही सौदीने आणि इतरांनी बरंचसं भरून काढलं होतं. युद्ध म्हणजे महागाई असं सरळ गणित मांडणाऱ्याचं त्या दिवशी दिवाळं निघालं असणार.

मी इंजिनिअरिंगला आहे. दुसऱ्या देशाकडे किती तेल आहे हे हेर नक्की शोधतात कसं? – एक विद्यार्थी, पुणे

यातलं पुष्कळ आता हेर नसतानाही होतं. कच्च्या तेलाच्या मोठ्या टाक्यांना बरेचदा तरंगतं छप्पर असतं, ते तेलाच्या पातळीबरोबर खालीवर होतं. टाकी भरलेली असली की छप्पर वरच्या कडेजवळ असतं, टाकी रिकामी होत गेली की ते आत खोल जातं आणि उन्हात टाकीच्या कडेची सावली आत पडते. वरून काढलेल्या फोटोत ती सावली मोजायची, सूर्याचा कोन माहीत असतो, टाकीचा व्यास माहीत असतो, बाकी तुझं त्रिकोणमितीचं गणित. खासगी कंपन्या सॅटेलाइटचे फोटो घेऊन हेच करतात आणि आकडे व्यापाऱ्यांना विकतात. जहाजांचंही तसंच, भरलेला टँकर पाण्यात खोल बसतो, रिकामा वर येतो, आणि आपली जागा कळवणारा त्याचा सिग्नल बंद झाला तर ती पण एक बातमीच. त्यामुळे सरकारी गुप्त अहवालात जे असतं त्यातलं बरंच बाजाराला आधीच कळलेलं असतं आणि भावात शिरलेलं असतं.

आपल्या पंतप्रधानांना हे कोण सांगतं? आणि उद्या होर्मुझची सामुद्रधुनी बंद झाली तर आपलं काय? – एक वाचक, अकोला

बाहेरची माहिती रॉ गोळा करते, देशातली आयबी, आणि हे सगळं राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार आणि त्यांच्या सचिवालयातून वर जातं. आतला मजकूर तुमच्या-माझ्यापर्यंत येत नाही, येऊही नये.

होर्मुझचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलातलं साधारण पाचात एक पिंप इराण आणि ओमानमधल्या त्या चिंचोळ्या वाटेने जात आलंय, आणि आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि उडुपीजवळच्या पादूरला जमिनीखाली खडकात कोरलेल्या गुहांमध्ये सरकारने साठ्याची सोय केलीय, एकूण ५३.३ लाख टनांची. सरकारच्याच हिशोबाने ती पूर्ण भरली तर साडेनऊ दिवस पुरेल, आणि तेल कंपन्यांकडचा साठा धरला तर सगळं मिळून सुमारे ७४ दिवस. गुहा किती भरल्यात हे वेळोवेळी संसदेत विचारलं जातं, त्याची उत्तरं जाहीर असतात. तुमच्या खासदाराला गाठ पडली तर पेट्रोलचा भाव कधी उतरणार हे विचारण्यापेक्षा हा आकडा आज किती आहे ते विचारा, आणि साठा वाढवायचं काम कुठवर आलंय ते पण.