नॉर्डिक नावांचे अर्थ काय असतात? निसर्गावरून आलेली नावं तिकडे खरंच जुनी आहेत का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं स्वीडनमध्ये राहता, घरात मुलगी येणार आहे आणि अर्थासकट नॉर्डिक नाव हवंय, जमलं तर निसर्गाशी नातं असलेलं. मी उप्सालाला राहते आणि जुनी नॉर्स, म्हणजे व्हायकिंग काळातली इकडची भाषा, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाळाच्या नावांच्या ज्या याद्या इंटरनेटवर फिरतात, त्यात ‘आस्ट्रिड म्हणजे देवासारखी सुंदर’, ‘सिग्रिड म्हणजे सुंदर विजय’ असे अर्थ ठोकून दिलेले असतात. तुकडे बरोबर आहेत. आस म्हणजे देव, सिग म्हणजे विजय, आणि शेवटचं ‘रिड’ ज्या शब्दातून आलं त्याचा अर्थ सुंदर. पण या नावांचा समासासारखा विग्रह करायला गेलात तर पंचाईत होते. गुन्हिल्ड घ्या. गुन म्हणजे युद्ध आणि हिल्ड म्हणजेही युद्धच! तेच उलटं करून हिल्डेगुन हेही नाव आहे. मुळात हे तुकडे घराण्यात हिंडते असायचे. आईवडिलांच्या किंवा आजोबांच्या नावातला एक तुकडा घ्यायचा, त्याला दुसरा जोडायचा, की नवं नाव तयार. जोडून काय अर्थ निघतो यापेक्षा मूल कोणाचं हे कळणं महत्त्वाचं.

आइसलंडच्या एयरबिग्या सागामध्ये (सागा म्हणजे तिथल्या जुन्या घराण्यांची गद्य कथा) हे फार छान दिसतं. नॉर्वेहून आलेला ह्रोल्फ नावाचा एक सरदार थॉर देवाचा मोठा भक्त, म्हणून लोक त्याला थॉरोल्फ म्हणू लागले. त्याला मुलगा झाला, नाव स्टाइन, म्हणजे दगड. त्याने तो थॉरला वाहिला आणि नाव केलं थॉरस्टाइन. पुढे थॉरस्टाइनला मुलगा झाला ग्रिम. तोही थॉरला वाहिला, तो झाला थॉरग्रिम. आपल्याकडे खंडोबाला वाहिलेल्या मुलाचं नाव खंडू ठेवावं, तसंच हे. याद्यांमध्ये मात्र थॉरस्टाइनचा अर्थ ‘थॉरचा दगड’ असा सापडेल, आणि त्यातून या घराची गोष्ट काहीच कळत नाही.

निसर्गातली जुनी नावं होती, पण ती बहुतेक पुरुषांची आणि रांगडी: ब्यॉर्न म्हणजे अस्वल, उल्फ म्हणजे लांडगा, स्टेन म्हणजे दगड. जुन्या काळच्या मुलींच्या नावांत फुलं शोधायला गेलात तर युद्धच जास्त सापडेल. 1980 साली आइसलंडच्या राष्ट्राध्यक्ष झालेल्या विग्दीस यांच्या नावातही विग म्हणजे लढाई आणि दीस म्हणजे देवी.

काही नावं दिसतात एक आणि निघतात भलतीच. सोलवेगमध्ये सूर्य (सोल) आहे असं सगळ्यांना वाटतं, पण पहिला तुकडा बहुधा घर या अर्थाच्या शब्दातला आहे. लिव म्हणजे आज ‘जीवन’, मूळ शब्द मात्र ‘रक्षण’ या अर्थाचा. तरी मी म्हणेन, लिव ठेवायचं असेल तर जीवन हाच अर्थ धरा. पिढ्यान्‌पिढ्या आईबापांनी तोच मनात धरून ते नाव ठेवलंय.

आता माझं सर्वांत आवडतं, लिनेआ. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनेअस (जन्म 1707) यांच्या वडिलांना आधी आडनाव नव्हतंच, ‘इंगेमारचा मुलगा’ एवढीच ओळख. विद्यापीठात नाव घालताना आडनाव हवं, म्हणून त्यांनी घराण्याच्या जमिनीवरल्या मोठ्या लिंडन वृक्षावरून लिनेअस घेतलं. पुढे कार्ल यांच्या लाडक्या रानफुलाला त्यांच्याच सन्मानार्थ लिनेआ नाव मिळालं, आणि त्या फुलावरून मुलींना. सूचिपर्णी जंगलात शेवाळावर पसरणारी ही वेल अगदी नाजूक. बोटभर उंच देठाला वर दोन फाटे, आणि प्रत्येक फाट्यावर खाली मान घातलेली एकेक फिकट गुलाबी घंटा. इंग्रिडसारख्या जुन्या नावाच्या मानाने हे नाव पोरसवदा, पण निसर्गाशी त्याचं नातं कुठेही ओढूनताणून आणलेलं नाही.

खरी निसर्गनावं हवी असतील तर फिनलंडकडे बघा. फिनिश भाषेचं कूळच वेगळं. तिथे पूर्वी स्वीडिश धाटणीच्या नावांचा बोलबाला होता. एकोणिसाव्या शतकात भाषेचा अभिमान जागा झाला आणि लोक आपल्या शब्दांतून नावं घडवू लागले. 12 मे 1906 रोजी तर हजारो कुटुंबांनी एकदमच फिनिश आडनावं घेतली. मुलींची नावंच बघा: तुली म्हणजे वारा, लुमी म्हणजे बर्फ, सुवी म्हणजे उन्हाळा, ताइमी म्हणजे रोपटं, मेरी म्हणजे समुद्र. इथे विग्रहाची भानगडच नाही, रोजच्या बोलण्यातला शब्द तेच नाव.

आइसलंडमध्ये ब्यर्क (बर्च वृक्ष) आणि हेक्ला (ज्वालामुखी) अशी नावं आहेत, पण तिथे नावांवर समितीची नजर असते. ब्लाइर, म्हणजे मंद झुळूक, हे नाव एका मुलीला नाकारलं गेलं, कारण व्याकरणात तो शब्द पुल्लिंगी. सरकारी कागदांवर ती नुसती ‘मुलगी’ म्हणून वाढली. 2013 मध्ये कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. 2019 च्या कायद्याने नावांवरचं लिंगाचं बंधनच काढून टाकलं.

तुमच्या कामाचं आता. स्वीडिशमध्ये ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘य’ होतो. म्हणजे जया ठेवलंत तर शाळेत तिची याया होईल. उलट माया हे तिथलं लोकप्रिय नाव ‘जे’नेच लिहितात. ते मारियाचं लाडकं रूप आहे, आपल्या मायेशी त्याचा काही संबंध नाही, पण दोन्ही घरच्या आज्या न अडखळता हाक मारतील. माझी पसंती विचाराल तर लिनेआ किंवा सुवी. दोन्ही ताईमावशींच्या तोंडी सहज बसतात. नाव काहीही ठरवा, जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत ते स्वीडनच्या कर खात्याकडे, स्काटेवेर्केटकडे, कळवायचं असतं. तेवढ्या वेळात बारसं आरामात होतं.