डिपॉझिट अडकलंय? आधी करारनामा काढ

भाड्याचं घर सोडताना तुझा घरमालक रंगरंगोटीच्या नावाखाली सगळं डिपॉझिट कापतोय, हे ऐकून संताप आला. तरी फोनवर भांडू नकोस. जे बोलायचं ते व्हॉट्सॲपवर, लेखी. करारात रंगाचं कलम आहे का बघ, खर्चाची पक्की बिलं माग. वापराने भिंत मळणं वेगळं, बेसिन फोडणं वेगळं.

करार नोंदवलेला नसेल तरी घाबरू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची; नोंदणी नसेल तर अटींबाबत तुझंच म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात.

मात्र पैशांसाठी घर अडवून बसू नकोस. मुदतीनंतर राहिलास तर कलम २४ खाली दुप्पट भाडं अंगावर येऊ शकतं. मीटरच्या रीडिंगसकट व्हिडिओ काढ, किल्ली दिल्याची पोच घे, मगच वकिलाची नोटीस पाठव.