बंदर ‘सुरक्षित’ म्हणजे नेमकं काय हो?

प्रश्न: मी उरणचा, न्हावा शेव्यात एका सीएचएकडे, म्हणजे मालाचं कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटकडे, कागदपत्रांचं काम बघतो. वादळ येणार म्हटलं की टीव्हीवर ‘बंदर सुरक्षित’ अशी पट्टी फिरते. पण सुरक्षित म्हणजे मोजतात काय? मोठा दणका बसला तर बंदर किती तग धरेल हे आधी कळतं का?

उत्तर: थोडंफार कळतं, पण नुसती जेट्टी किती मजबूत ते बघून नाही. ७ ऑगस्ट २०१० आठवतोय? ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं मुंबईजवळ धडकली, चित्रावरचे कंटेनर समुद्रात गेले आणि मुंबई बंदर नि जेएनपीटी, म्हणजे तुमचं न्हावा शेवा, दोन्हीकडची ये-जा जवळपास पाच दिवस ठप्प. धक्के, क्रेन, माणसं सगळं जागेवर होतं हो, पण चॅनल, म्हणजे जहाजांचा आत यायचा खोल पाण्याचा रस्ता, दोघांचा एकच, आणि त्यात कंटेनर पडलेत म्हटल्यावर जहाज आणणार कुठून!

म्हणून दोन गोष्टी एकत्र बघतात, काम किती खाली आलं आणि पूर्ववत व्हायला किती दिवस गेले. समजा एक बंदर साफ बंद पडलं पण ५ दिवसांत आधीसारखं चालू झालं, तर ५ दिवसांचं काम बुडालं. दुसरं निम्म्यावर येऊन ६० दिवस तसंच रखडलं तर ३० दिवसांचं गेलं, आणि पट्टीवर मात्र ‘बंदर चालू’!

जपानच्या कोबेचं तर वाईटच झालं. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात भरावाची जमीन चिखलासारखी झाली, धक्के समुद्राकडे सरकले, दुरुस्तीला दोन वर्षं लागली. तोवर ट्रान्सशिपमेंटचा, म्हणजे एका जहाजावरून उतरवून दुसऱ्यावर चढवून पुढे जाणारा, माल दक्षिण कोरियातल्या बुसानसारख्या बंदरांकडे वळला तो बराचसा तिकडेच राहिला. आधी जगात सहाव्या नंबरचं कंटेनर बंदर होतं ते.

आणि दणका काही वादळाचाच असतो असं नाही. जून २०१७ मध्ये मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीवर सायबर हल्ला झाला तेव्हा त्यांच्या समूहाचं तुमच्याकडचं जीटीआय नावाचं कंटेनर टर्मिनल अडकलं, शेजारची टर्मिनल्स चालू होती म्हणून निभावलं. चॅनलला असा शेजारी नाही, मला विचाराल तर खरी काळजी तिथेच आहे.

तुम्ही कागदपत्रंच बघता, तर एकदा टर्मिनलवाल्यांना विचारून बघा, कॉम्प्युटर सिस्टिम बंद पडली तर हाताने लिहून तासाला किती गाड्या गेटबाहेर काढता येतील, आणि ते शेवटचं करून कधी बघितलं होतं.